मुलांचे देखावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी बोलावे असे ठरले तेव्हा मी चिटणीसबाईंना म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. उखाणा घ्यायला सांगा, भाषण नको." पण त्यांनी ऐकले नाही. आपल्या मंडळाच्या चित्रकलेच्या वर्गात गेली दोन वर्षे काय चालले आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी मला भाजी घेताना थांबवून विचारले आहे. काहीजणींनी रागानेही विचारले आहे. त्या सगळ्यांना एकदमच सांगून टाकावे म्हणून उभी राहिले आहे. बोलण्यात चुकले तर सांभाळून घ्या.

वर्ग माझ्याकडे आला तो योगायोगाने. आधी शिकवणाऱ्या बाई कोल्हापूर सोडून गेल्या, आणि माझी रांगोळी बरी असते एवढ्यावरून तो माझ्या गळ्यात पडला. पहिल्या रविवारी अठरा मुले आली. मी म्हटले, "देखावा काढा." दहा मिनिटांत अठरा कागदांवर एकच देखावा! दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठाला झोपडी, नारळाचे एक झाड आणि वर इंग्रजी व्ही अक्षरासारखे पक्षी. मीही लहानपणी तोच काढीत होते. आपल्या पेठेत तसे डोंगर नाहीत, तशी झोपडीही नाही. दहा मिनिटांच्या वाटेवर रंकाळा आहे, पण तो एकाच्याही कागदावर नव्हता.

म्हणून पुढच्या रविवारी दोघी वहिनींना सोबत घेऊन मुलांना रंकाळ्यावर नेले. नियम एकच केला. अर्धा तास पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसते बसून बघायचे. मुलांना हे फार जड गेले. मी विचारले, "पाण्याचा रंग कोणता?" सगळी एका सुरात म्हणाली, "निळा!" म्हटले, "पुस्तकातला सांगू नका, समोरचा सांगा." मग एकेक जण सांगू लागला. मध्ये हिरवट, कडेला चहासारखा, संध्यामठाच्या बाजूला काळपट, नाला मिळतो तिथे पांढरा फेस. एवढे रंग माझ्याही कधी ध्यानात आले नव्हते, आणि मी लग्न होऊन आल्यापासून तिथे फिरायला जाते.

त्या दिवशी एका कोपऱ्यात केंदाळ माजले होते आणि त्याला जांभळे तुरे आले होते. आठ वर्षांच्या एका मुलीने ते इतके सुरेख काढले की आम्ही तिघींनी वाहवा केली. आमच्या पेठेतले एक निवृत्त शास्त्राचे गुरुजी रोज तिकडे फिरायला येतात. ते मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "बाळ, फूल झकास आहे. पण हे झाड आपले नव्हे, दक्षिण अमेरिकेतले. शंभरावर वर्षांपूर्वी कुणीतरी शोभेसाठी या देशात आणले. गटारीचे पाणी, साबणाचे पाणी हे त्याचे खत. ते पाण्यावर पसरले की खाली उजेड जात नाही. कुजू लागले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात." पोरीचा चेहरा उतरला. तिने मला विचारले, "काकू, मग मी हे फूल काढू का नको?"

मला पटकन उत्तर सुचले नाही. शिकलेल्या बाईला सुचले असते. घरी येताना वाटेत तिला म्हटले, "फूल काढ, पण फुलाखालचं पाणीपण काढ." पुढच्या रविवारी तिने कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात तुरे काढले आणि खालच्या भागात दाढीसारख्या लोंबणाऱ्या मुळ्या, काळे पाणी आणि उताणा पडलेला एक मासा. ते चित्र आज समोरच्या भिंतीवर आहे. हा वर्ग कशासाठी घ्यायचा ते मला त्या चित्राने शिकवले.

एका आईची तक्रार आहे की तिच्या मुलीने शाळेच्या स्पर्धेत असला रंकाळा काढला आणि बक्षीस गेले दोन डोंगरांना. तिचे दुःख मला कळते. बक्षिसाची हमी मी कुठून देऊ? पण समोरचे पाहून काढणे हे काही मी उकरून काढलेले खूळ नव्हे. याच कोल्हापुरात आबालाल रहिमान होऊन गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, शाहू महाराजांच्या पदरी चित्रकार होते, १९३१ साली वारले. ते कोटितीर्थाच्या काठी राहात, आणि त्यांनी कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा यांचीच चित्रे पुन्हा पुन्हा काढली. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांच्या कलासंग्रहालयात मी मुलांना नेऊन आणले. सिनेमातले चंद्रकांत एवढेच मला ठाऊक होते. त्यांची निसर्गचित्रे पाहून मीच तोंडात बोट घातले. बाहेर आल्यावर एक मुलगा म्हणाला, "काकू, यांचं पाणी वेगळंच आहे." मी विचारले, "वेगळं म्हणजे?" तो म्हणाला, "खोल वाटतंय."

त्यावरून मला आज्यांची युक्ती सुचली. प्रत्येकाने घरच्या किंवा शेजारच्या आजीला विचारून, तिच्या लहानपणचा रंकाळा काढून आणायचा. आजी सांगेल तसे काढायचे, तिला दाखवायचे, ती म्हणेल ते खोडायचे. काय मजा झाली म्हणून सांगू! एका आजीने नातवाकडून संध्यामठ चारदा खोडून घेतला. पाणी उतरल्यावर त्याचे किती खांब उघडे पडत हे तिला अजून पाठ आहे. दुसरीने म्हशी काढायला लावल्या, तिसरीने वाकळा धुणाऱ्या बायका. तेव्हा जुने सगळे सोवळे होते असे मी म्हणत नाही. म्हशी आणि वाकळा पाण्यातच धूत होते. पण माणसे थोडी होती, धुण्याला रिठा-शिकेकाई होती, आणि पाण्याला उसंत मिळत होती. एका आजीबाईंनी चित्र बघून पदर डोळ्यांना लावला, तेव्हा पोरगा घाबरून मला बोलवायला आला. आज्यांची आणि आजची अशी चित्रे शेजारी शेजारी लावली आहेत, ती जरूर बघा. थोरल्या मुलांनी पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुराच्या पाण्याच्या खुणा भिंतींवर शोधून काढल्या आहेत, तीही चित्रे पलीकडे आहेत.

रंगांचे थोडे सांगते, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातले आहे. रंकाळ्याचे चित्र काढून झाले की मुले कुंचले त्याच पाण्यात बुचकळत. पहिल्याच दिवशी मी ओरडले, पण मग विकतचे रंग कमीच केले. गेरू, काव, दिव्याची काजळी, चहाचे पाणी, हळद यांवर पुष्कळ भागते. नुसता गेरू वाळला की हाताला लागतो. त्यात बाभळीचा डिंक भिजवून घातला की धरून राहतो, आणि एक लवंग टाकली की डिंकाला वास येत नाही. हळदीचा पिवळा मात्र उन्हात उडतो, तेव्हा ती चित्रे खिडकीसमोर लावू नका. कागद म्हणजे लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू.

आता ज्यावरून वाद झाला ते चित्र. अकरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या गल्लीमागची गटार चालत चालत नाल्यापर्यंत आणि पुढे रंकाळ्यापर्यंत जाऊन पाहिली आणि लांबलचक कागदावर काढली. त्यात कुणाच्या मोरीचे पाणी कुठे मिळते ते दाखवले आहे. पहिली मोरी माझीच आहे. बादली, ब्रश आणि कपड्यांच्या पावडरीचा पुडा! पुढे आपल्या मंडळाचे दार आहे, आणि दारामागे संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या प्लॅस्टिकच्या वाट्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग. शेवटी फेस आणि केंदाळ.

खरे सांगते, मी ते पहिल्यांदा पालथे घालून ठेवले. बाहेरची पाहुणेमंडळी येणार, मंडळाची अब्रू जाईल, असे दोघीतिघींनी म्हटले, आणि मलाही तेच वाटत होते. शिवाय माझी मोरी! पण रात्री झोप येईना. दोन वर्षे मी पोरांना सांगत आले की समोरचे आहे तसे काढा. आणि एकाने काढले तेव्हा मीच लपवते? सकाळी अध्यक्षबाईंकडे गेले. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "ताटल्या मीच आणल्या होत्या. लावा." त्या मुलाच्या आईला वाटते की मी त्याला भरीला घातले, त्या माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. वहिनी, आज तुम्ही आला आहात हे मी पाहिले. मी त्याला काही सांगितले नव्हते. तो एकटा गेला होता, आणि चपला चिखलात रुतल्या म्हणून तुमचा मार खाल्ला तो त्याच दिवशी.

चित्र दाराशी उजव्या हाताला आहे. चहा घ्यायला जाताना वाटेतच लागेल. पुढचा वर्ग रविवारी सकाळी साडेसातला रंकाळ्यावरच आहे. जुन्या लग्नपत्रिका असतील त्यांनी पाठवून द्याव्यात, आणि मुलांबरोबर यायला दोघीजणी हव्या आहेत.