द्यूतगृहाचा मुक्काम आणि परतीचा घाट



पावसाळा सरला कीं कोल्हापुरांतील अनेकांच्या मनांत गोव्याचा विचार घोळूं लागतो. कोणी देवदर्शनासाठीं जातो, कोणी समुद्रासाठीं. आणि अलीकडे कांहीं जण तेथील कॅसिनोंकरितां जातात, तेंही मोटारसायकलीवरून. द्यूत चांगलें कीं वाईट, याचा निर्णय मी आज करणार नाहीं. जो जाणारच आहे त्यानें रात्रीं उतरावें कोठें, एवढाच प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें. प्रश्न लहान दिसतो. परंतु दुसऱ्या दिवशीं तो सुखरूप घरीं पोंचतो कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें.

प्रथम कायद्याची स्थिति पाहूं. महाराष्ट्रानें १९७६ सालीं कॅसिनोंविषयीं एक कायदा केला होता. पण तो कधींच अमलांत आला नाहीं व २०२३ सालीं रद्द झाला. गोव्यानें मात्र आपल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यांत दुरुस्त्या करून १९९२ सालीं पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांच्या खेळांस, आणि १९९६ सालीं जहाजांवरील पत्त्यांच्या व चक्राच्या खेळांस वाट मोकळी करून दिली. त्यामुळें प्रवाशापुढें दोन प्रकार येतात. एक, जमिनीवरील मोठें हॉटेल, जेथें खेळ आणि शय्या एकाच छपराखालीं असतात. दुसरा, पणजीस मांडवी नदींत उभें असलेलें जहाज. तेथें होडीनें जावें लागतें, वाहन कांठावरच राहतें, आणि निजावयास बहुधा गांवांत खोली घ्यावी लागते. एकवीस वर्षांखालील मनुष्यास कॅसिनोंत प्रवेश नाहीं. तेव्हां वयाचा दाखला जवळ असावा.

मोटारगाडीचा धनी आपलें सामान गाडींत कुलूपबंद करून निर्धास्त होतो. दुचाकीस्वाराचें तसें नाहीं. त्याचें हेल्मेट, जाकीट, दोहों बाजूंस बांधलेल्या पिशव्या, सारें उघड्यावर असतें. म्हणून त्यानें आधीं खोली गांठावी, सामान तेथें ठेवावें, आणि मग धक्क्याकडे पायीं किंवा भाड्याच्या वाहनानें जावें. खोली ठरवितांना चार गोष्टी विचाराव्या. आवारास फाटक आहे काय? रात्रीं राखणदार असतो काय? गाडी लावण्याची जागा पक्की व सपाट आहे काय? कारण ओल्या मातींत स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, कीं सकाळीं खोली किती वाजतां सोडावी लागते?

या चौथ्या प्रश्नाचें कारण सांगतों. जहाजाच्या प्रवेशमूल्यांत बहुधा भोजनाबरोबर मद्यही धरलेलें असतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतांना वाहन चालविणें हा अपराध आहे. शरीर हा मद्यार्क ताशीं साधारणतः १५ ते २० मिलिग्रॅम या संथ गतीनें नाहींसा करतें. थंड पाण्याचें स्नान किंवा कडक कॉफी ती गति वाढवीत नाहीं. मध्यरात्रीनंतर दोन वाजतां एखाद्याच्या रक्तांत १५० मिलिग्रॅम मद्यार्क असेल, तर तो तिसांवर उतरण्यास सहा ते आठ तास लागतात. म्हणजे सकाळचे आठ ते दहा झाले, आणि जागरणाचा थकवा शिल्लकच राहिला! पुढें बांदा, सावंतवाडी आणि मग आंबोलीचा वळणांचा घाट. फोंडाघाटानें राधानगरीकडे येणाऱ्यासही वळणें चुकत नाहींत. तेव्हां आठ वाजतां बाहेर काढणारी स्वस्त खोली महागच पडते. दुपारपर्यंत निजूं देणारी खोली दोन पैसे जास्त देऊनही घ्यावी.

मग शय्येजवळच खेळ असलेलें हॉटेल बरें नव्हे काय? रात्रीं वाहन चालवावें लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण खरा. पण जहाज सोडलेल्या मनुष्यास परत जावयाचें तर पुन्हा होडी गांठावी लागते. येथें मात्र हरलेल्यास परत खेळावयास जाण्याकरितां केवळ जिना उतरावा लागतो. चक्राचें गणित सरळ आहे. शून्य धरून घरें ३७. प्रत्येक घरावर एक रुपया ठेवला तर ३७ रुपये मांडले जातात आणि ३६ परत मिळतात. उरलेला रुपया दर फेरीस मालकाचा. तो दैवाच्या लहरीवर नाहीं, खेळाच्या रचनेंतच आहे. म्हणून खोलीचें भाडें आधीं चुकतें करावें, पेट्रोलची टाकी संध्याकाळींच भरावी, आणि परतीचे पैसे खोलींत कुलपांत ठेवावे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'ंतील संवाहक दहा सुवर्ण हरतो आणि ओस देवळांत मूर्ति बनून उभा राहतो. आपल्या स्वारास असा आसरा नाहीं. त्याच्यापुढें कोल्हापूरपर्यंतचा घाटरस्ता असतो. म्हणून माझें सांगणें एवढेंच, कीं मुक्कामाची जागा खेळाकडे पाहून न निवडतां परतीच्या सकाळीकडे पाहून निवडावी. बंद आवार, धक्क्यापर्यंत पायवाट आणि सावकाश उठण्याची मुभा, या तीन गोष्टी जेथें मिळतील तेंच हॉटेल मोटारसायकलस्वाराचें.