लाखेची डाळ आणि माणसाचा मेंदू

रायपूरच्या पूर्व अंगाला तेलीबांधा नावाचा तलाव आहे. पूर्वी तो गावाबाहेरचा होता. आज शहर त्याला ओलांडून पुष्कळ पुढे गेले आहे. सकाळ-संध्याकाळ त्याच्या काठाने फिरणाऱ्यांची रीघ लागते. त्यांतल्या वयस्कर मंडळींना डॉक्टरांनी बहुधा हेच सांगितलेले असते की रक्तदाब आवरा, साखर आवरा, तंबाखू सोडा, पुरेशी झोप घ्या, कानांनी कमी ऐकू येत असेल तर त्यावर इलाज करा आणि रोज चाला, म्हणजे म्हातारपणी स्मृती शाबूत राहील. हा उपदेश शास्त्राला धरूनच आहे. मात्र तो ज्याला ऐकता येतो त्याच्यापाशी निवड करण्यापुरती सवड आणि पैसा असतो, हेही खरे. याच रस्त्याने लाभांडीच्या बाजूला गेले की इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ लागते. तेथे मेंदूच्या रक्षणाचा जो प्रश्न हाताळला गेला, तो निवड नसलेल्या माणसाचा आहे.

हा प्रश्न एका कडधान्याचा आहे. हिंदीत त्याला खेसारी म्हणतात, छत्तीसगडात तिवरा आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या धानाच्या मुलखात लाख किंवा लाखोळी. छत्तीसगडातील शेतकरी भात उभा असतानाच ओलसर बांधीत याचे बी फेकतो. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. भात कापून झाला की त्याच्या बुडख्यांतून हे पीक वर येते. पाऊस जास्त झाला तरी ते तगते आणि मुळीच झाला नाही तरी तगते. इतके गुणी पीक विषारी असावे, यास दैवदुर्विलास म्हणावे की दुसरे काही, हे ज्याने त्याने ठरवावे.

विष म्हटले तरी ते एका जेवणाने बाधणारे नव्हे. तूर, भात, भाजी यांच्या जोडीला अधूनमधून लाख खाणाऱ्या असंख्य कुटुंबांना आयुष्यभर काही झालेले नाही. दुष्काळ पडला, इतर पिके बुडाली आणि दोनतीन महिने ताटात मुख्यतः लाखच राहिली, की एखाद्या दिवशी तरुण, धट्टाकट्टा माणूस शेतातून परतताना पायांत जडपणा आल्याचे सांगतो. पोटऱ्या ताठरतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत, पावले कातरीसारखी एकमेकींना छेदू लागतात. वैद्यकात या रोगाला लॅथिरिझम म्हणतात. रोग्यांची वर्गवारी मोठी बोलकी आहे : काठीविना चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांवर सरपटणारा. बुद्धी शाबूत असते, वाचा शाबूत असते, आयुष्यही बहुधा कमी होत नाही. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत.

रोग दिसतो पायांत, परंतु घाव मेंदूवर आणि मज्जारज्जूवर असतो. मेंदूच्या पृष्ठभागावरील काही पेशी हालचालींचे हुकूम सोडतात आणि त्यांचे लांब तंतू मज्जारज्जूतून खाली उतरतात. पायांकडे जाणाऱ्या याच वाटेचा नाश होतो. 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे काढले. ओडॅप हे त्याचे संक्षिप्त नाव. मेंदूतील पेशी एकमेकींना चेतवण्यासाठी ग्लुटामेट नावाचा पदार्थ वापरतात. ओडॅप त्याचे सोंग घेते आणि पेशीला इतके चेतवते की ती त्या चेतनेनेच मरते. ज्याच्या आहारात धान्याचा, भाजीचा, फळाचा पुरेसा वाटा आहे त्याला पुष्कळ संरक्षण मिळते. ज्याच्या ताटात दुसरे काही नाही त्याला ते मिळत नाही. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिले तर विषाचा बराचसा अंश निघून जातो. परंतु दुष्काळात पाणीही दुर्मिळच असते.

ही हकीकत नवी नाही. 1829 नंतर सागरच्या परिसरात लागोपाठ गहू बुडाला, लोकांनी लाखेवर दिवस काढले आणि तरुण माणसे कमरेखाली लुळी पडली, असे स्लीमन या अधिकाऱ्याने 1844 च्या आपल्या ग्रंथात नोंदले आहे. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधील व्हाप्नियार्का येथल्या छावणीत ज्यू बंद्यांना हेच कडधान्य खाऊ घातले गेले, आणि बंद्यांतीलच एक डॉक्टर आर्थर केसलर यांनी लुळेपणाचे कारण ओळखले. रीवा भागात वेठबिगारांची मजुरी याच दाण्यात चुकती होई. मालकाने मापून दिलेले धान्य हेच मजुराचे औषध आणि तेच विष. तेव्हा वेठबिगारी मोडणारा 1976 चा कायदा हाही मेंदूच्या आरोग्याचा कायदा मानला पाहिजे, जरी त्याच्या मसुद्यात मेंदूचा उल्लेख नाही.

विक्रीबंदीचा नियम 1961 मध्ये आला. पण तो केव्हा अंमलात आणायचा हे राज्यांवर सोपवलेले होते, आणि जेथे पीक अधिक, त्या मध्य प्रदेशाने, म्हणजे तेव्हाच्या छत्तीसगडानेही, तो लागू केला नाही. कचेरीत बसून यावर टीका करणे सोपे आहे. मात्र पडीक बांधीत येणारे एकमेव पीक बंद केल्यावर तिच्यात काय पेरायचे, याचे उत्तर बंदीच्या हुकुमात नव्हते. महाराष्ट्रात बंदी होती, तरी लाख तुरीच्या डाळीत आणि बेसनात मिसळून खपतच राहिली. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून उपोषणे केली, आणि 2008 मध्ये महाराष्ट्राने ती उठवली.

दुसरी वाट बियाण्याची. रायपूरच्या विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवरा हे वाण काढले, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने रतन. या तिन्हींत ओडॅपचे प्रमाण शेकडा 0.1 पेक्षा कमी असते. 2016 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने या वाणांस अनुकूल मत दिले. काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु मधमाशी बांध ओळखत नाही. शेजारच्या शेतातील जुन्या वाणाचे पराग नव्या वाणावर येतात, शेतकरी घरचेच बी पुढल्या वर्षी फेकतो आणि सौम्यपणा हळूहळू ओसरतो. अवर्षणातही विषाचे प्रमाण वाढते, म्हणजे नेमके ज्या वर्षी लोक लाखेवर जगतात त्या वर्षी. दाणा हातात घेऊन तो सौम्य आहे की जहाल हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. आठवडी बाजारात गोणी उतरवणाऱ्या शेतकऱ्याजवळ ती नसते, आणि मापभर डाळ घेणाऱ्या मजुरणीजवळही नसते.