क्ष-किरणांचा जमाखर्च

(क्ष-किरण दिनानिमित्त ८ नोव्हेंबर रोजी रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा मला हक्क नाही. तरीही आजच्या दिवशी मला बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मला ठाऊक असलेल्या एकाच दृष्टीने, म्हणजे हिशेबाच्या दृष्टीने, या विषयाकडे पाहण्याचे मी ठरविले आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्झबुर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म रोंटगेन यांना एक अदृश्य किरण गवसला. बीजगणितात अज्ञात राशीला आपण ‘क्ष’ म्हणतो. त्याच अर्थाने त्यांनी या किरणाचे नामकरण केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठास अर्पण केली. धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावरून या गोष्टीचा उल्लेख अवश्य व्हावयास हवा.

या किरणांची दुसरी बाजू मात्र लवकरच उघड झाली. एडिसनचे सहकारी क्लॅरेन्स डॅली यांनी क्ष-किरणांच्या प्रयोगांत स्वतःच्या हातांवर वारंवार किरण घेतले. त्यांना कर्करोग जडला आणि १९०४ साली त्यांचा अंत झाला. अशा हुतात्म्यांचे स्मारक १९३६ साली हँबर्ग येथे उभारण्यात आले. जो किरण पेशी मारतो, तोच कर्करोगाची पेशीही मारू शकेल, हा विचार याच अनुभवातून बळावला. म्हणजे रोगनिदान आणि रोगोपचार अशा दोन खात्यांत एकच नाणे चालते. परंतु दोन्ही खात्यांचे नियम परस्परविरुद्ध आहेत.

निदानाच्या खात्यात नियम काटकसरीचा. हाडांतील कॅल्शियम किरण अधिक शोषून घेते, म्हणून चित्रात हाड पांढरे उमटते. फुप्फुसांतील हवेतून किरण पार होतात, म्हणून तो भाग काळा दिसतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले आणि शरीराचे काप न घेता त्याचे काप पाहता येऊ लागले. निसर्गातूनच आपणा प्रत्येकास वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट प्रारण मिळत असते. छातीच्या एका साध्या एक्स-रेत ते सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट, तर छातीच्या सीटी स्कॅनमध्ये त्याच्या कित्येक पट असते. यात भिण्यासारखे काही नाही. गरज असेल तेथे तपासणी टाळणे अधिक घातक. पण जुनी फिल्म घरी विसरली म्हणून तीच तपासणी पुन्हा करणे हा अनाठायी खर्च होय. आमच्या तंत्रज्ञांच्या छातीवरील बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासणीस जातो, तो याच जमाखर्चासाठी.

उपचाराच्या खात्यात नियम नेमका उलट. तेथे ठरलेली मात्रा पूर्ण आणि वेळेवर पोहोचलीच पाहिजे. आपले रुग्ण या उपचारास ‘शेक’ म्हणतात. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर या यंत्रातील लक्षावधी व्होल्टच्या क्ष-किरणांनी गाठीतील पेशींच्या गुणसूत्रांवर आघात केला जातो. तोंडाच्या वा घशाच्या कर्करोगात बहुधा ७० ग्रेपर्यंतची मात्रा, दररोज सुमारे २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, अशी सहा-सात आठवड्यांत दिली जाते. एकदम का नाही? कारण निरोगी पेशी दोन शेकांच्या दरम्यान आपली दुरुस्ती करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे साधत नाही. परंतु मध्ये खंड पडला, तर उरलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढू लागतात. घशाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला, की रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे तज्ज्ञ सांगतात.

हे मला फार उशिरा कळले. पूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात असताना किरणोपचार यंत्राच्या वार्षिक देखभालीचा करार मी घासाघीस करण्यासाठी दीड महिना लांबविला. त्याच काळात यंत्र बंद पडले आणि नऊ दिवस सुरू झाले नाही. मी बुडालेल्या उत्पन्नाचा तक्ता तयार केला. तेथील भौतिकशास्त्रज्ञाने माझ्यापुढे दुसरा कागद ठेवला. त्यावर रुग्णांची नावे आणि प्रत्येकाचे राहिलेले शेक होते. त्यांतील एक शेतकरी गृहस्थ एकवीस शेक घेऊन गावी गेले होते. यंत्र सुरू झाल्यावरही ते आठवडाभराने परतले. पेरणी होती आणि शहरात राहण्यास पैसे नव्हते. पुढे त्यांचे काय झाले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी वाचविलेली रक्कम ताळेबंदात दिसली. त्यांचे गेलेले दिवस कोणत्याच रकान्यात आले नाहीत.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी तीन नम्र निवेदने आहेत. देखभालीच्या कराराचे नूतनीकरण मुदतीपूर्वी एक महिना व्हावे. शेकास न आलेल्या रुग्णास त्याच सायंकाळी दूरध्वनी जावा, आणि राहिलेला शेक भरून काढण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने शनिवारी यंत्र चालवावे. तिसरे, बाहेरगावच्या रुग्णाच्या व त्याच्या सोबत्याच्या निवासासाठी आणि प्रवासभाड्यासाठी स्वतंत्र निधी असावा. देणगीदारांनाही माझी विनंती आहे की, यंत्रावर नाव कोरले जाते, धर्मशाळेतील एका खाटेवर ते कदाचित कोरले जाणार नाही. तथापि त्या खाटेवाचून कोट्यवधींच्या यंत्राचे काम अपुरे राहते.

एका खात्यात एकही मात्रा अधिक नको आणि दुसऱ्या खात्यात एकही दिवस कमी नको. हा हिशेब जुळविणे हे केवळ डॉक्टरांचे काम नाही. ते आम्हा कार्यालयात बसणाऱ्यांचेही आहे.