आतड्यातील जंतूंचे विषाणू आणि आपले पिण्याचे पाणी



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वसंतातल्या संध्याकाळी काव्यशास्त्रविनोद सोडून सांडपाण्याची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. पण उन्हाळा लागला की पाण्याचा विषय आपल्या सर्वांच्याच तोंडी येतो, आणि तो बहुधा पाणी किती वेळ येते एवढ्यावरच थांबतो. येते ते कसे आहे, हा प्रश्न आपण नळाच्या तोटीवर सोपवून मोकळे होतो. म्हणून आम्ही आरंभी दिल्लीची हकीगत सांगणार आहोत.

१९५५ साली यमुनेला मोठा पूर आला. पुरानंतर नदीने आपली धार बदलली, आणि नोव्हेंबरात नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्राच्या तोंडाशी येऊन मिळाले. याच केंद्रातून शहराला पाणी जात असे. पाणी शुद्ध करणाऱ्या मंडळींना हे कळले नाही असे मुळीच नव्हे. त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. जे हाती होते ते केले. जंतूंपुरते त्यांना यशही आले, कारण त्या दिवसांत शहरात विषमज्वराची साथ उठली नाही की आमांशाची. पण काही आठवडे लोटले, आणि डिसेंबर ते जानेवारी एवढ्या अवधीत सुमारे २९,३०० माणसे काविळीने पिवळी पडली. गर्भवती स्त्रियांना हा रोग फार जड गेला.

ही कावीळ कशाची, हे कळायला पुढे पंचवीस वर्षे जावी लागली. दिल्लीच्या आणि १९७८-७९ च्या पुण्याच्या साथीतले रक्ताचे जपून ठेवलेले नमुने तपासले गेले, तेव्हा १९८० साली असे दिसून आले की हा विषाणू तोवर माहीत असलेल्या 'ए' किंवा 'बी' जातीचा नाही. १९८३ साली बालायान नावाच्या रशियातील शास्त्रज्ञाने रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतःला कावीळ करून घेऊन, तो विषाणू डोळ्यांना दाखवला. असली हिंमत कौतुकाची खरी, पण अनुकरणाची नव्हे! आज त्याला आपण हेपॅटायटिस 'ई' म्हणतो.

आता, जंतू मेले आणि विषाणू जगले, हे कसे? पाण्याची पारख आपण शंभराहून अधिक वर्षे एका युक्तीने करीत आलो आहो. प्रत्येक रोगाचा जंतू शोधणे अशक्य, म्हणून माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात अब्जावधींनी राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू शोधायचा. तो पाण्यात सापडला तर तेथे विष्ठा पोचली, असे समजायचे. युक्ती नामी आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु क्लोरीनपुढे हा ई. कोलाय फार लवकर मान टाकतो. कित्येक विषाणू त्याहून चिवट असतात, आणि गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांना चिकटून बसले की क्लोरीन त्यांच्यापर्यंत धड पोचतच नाही. म्हणजे पहारेकरी आधी मरतो आणि चोर मागून घरात शिरतो. मेलेला पहारेकरी बोंब कशी मारणार?

मग काविळीचा विषाणूच का शोधू नये? शोधता येतो, पण त्याला खर्च फार, यंत्रसामग्री फार, आणि तो जिवंत आहे की त्याचे नुसते अवशेष आहेत हे ठरवणे त्याहून कठीण. येथे आपल्या मदतीला येतात ते खुद्द ई. कोलायचेच विषाणू.

होय, जंतूंनाही विषाणू होतात. १९१५ साली इंग्लंडात ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत देरेल यांनी ही गोष्ट उजेडात आणली. देरेल यांनीच 'बॅक्टिरिओफाज', म्हणजे जंतुभक्षक, हे नाव दिले. हा भक्षक जंतूच्या अंगाला चिकटतो, आपला वंशबीजाचा धागा आत सोडतो, आणि त्या जंतूकडूनच आपली पिल्ले तयार करवून घेतो. अखेर जंतू फुटून ती बाहेर पडतात. माणसाच्या पेशींना तो शिवत नाही. त्यांतला 'एमएस-२' हा एक तर एका मिलिमीटरच्या सुमारे सदतीस हजाराव्या भागाएवढा, म्हणजे पोलिओच्या आणि काविळीच्या विषाणूंच्याच मापाचा आहे. जंतूला अडवणारी पण विषाणूला सोडणारी गाळणी यालाही सोडील. एवढे साम्य असले म्हणजे एकाच्या वाटचालीवरून दुसऱ्याचा अदमास बांधता येतो.

येथे गंगाजलाविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. १८९६ साली आग्र्याचे रसायनतज्ज्ञ हँकिन यांनी लिहिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, आणि तेच पाणी उकळले तर मरत नाहीत. तो प्रभाव जंतुभक्षकांचा होता की नाही, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. पण या लेखाच्या आधारे, नदीत भक्षक आहेत म्हणून नदी आपोआप शुद्ध होते, असे जे बोलले जाते ते आम्हांला मान्य नाही. भक्षक तेथेच वाढतात जेथे त्यांचे भक्ष्य असते. ई. कोलायचे भक्षक पाण्यात विपुल सापडले तर तो सांडपाण्याचा पुरावा समजावा, पावित्र्याचा नव्हे.

त्यांची परीक्षा मात्र विलक्षण सोपी आहे. काचेच्या बशीत पातळ अगरमध्ये ई. कोलाय आणि तपासायचे पाणी मिसळून ओततात व रात्रभर उबेत ठेवतात. सकाळी बशीभर जंतूंची धुरकट साय धरलेली दिसते. पाण्यात भक्षक असतील तर त्या सायीला, कसरीने शाल खावी तशी, गोल स्वच्छ भोके पडलेली असतात. भोके मोजली की भक्षक मोजले. त्यासाठी महागडा सूक्ष्मदर्शक लागत नाही, आणि जे मोजले गेले ते निश्चित जिवंत होते.

या परीक्षेला मर्यादाही आहेत. एमएस-२ च्या गटातले भक्षक प्रत्येक माणसाच्या पोटात नसतात; गावाच्या गटारात ते खात्रीने सापडतात, पण चार घरांच्या आडाशेजारी एखादे शौचकूप पाझरत असेल तर ते चकवा देऊ शकतात. भक्षक सापडले नाहीत म्हणून जुन्या परीक्षेला रजा द्यावी असे नाही. दोन्ही हव्यात.

युरोपीय संघाने २०२० च्या पेयजलविषयक आदेशात कच्च्या पाण्यासाठी भक्षकांची मोजणी घेतली: १०० मिलिलिटरमध्ये ५० पेक्षा अधिक आढळले तर शुद्धीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर ते किती उरतात हे पाहावे. आपल्याकडेही, पुष्कळांना ठाऊक नसेल, २०१२ च्या भारतीय मानकात, म्हणजे आय. एस. १०५०० मध्ये, पिण्याच्या १ लिटर पाण्यात एमएस-२ भक्षक असू नये असे लिहिले आहे. त्याच मानकात उरलेल्या क्लोरीनचे किमान प्रमाण लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम दिले असून, विषाणूंपासून रक्षण हवे असेल तेथे ते ०.५ सांगितले आहे. दोन आकड्यांतला हा फरक म्हणजे दिल्लीच्या हकीगतीचेच सार होय.

तेव्हा नगरपालिकेचा पाणी-तपासणीचा अहवाल पाहण्याचा प्रसंग आला तर कोलायच्या रकान्यावर नजर थांबवू नका. क्लोरीनचा आकडा कोणता आहे, गढूळपणा किती आहे, आणि भक्षकांचा रकाना आहे तरी का, हे पाहा. आणि व्याख्यानानंतर हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, तो घरच्या मेणबत्तीच्या गाळणीचा. तिची भोके विषाणूंच्या मानाने फार मोठी असतात. साथीच्या दिवसांत पाणी चांगले खळखळून उकळावे. त्यात भक्षकही मरतात आणि काविळीचा विषाणूही.