आजीच्या गोष्टीतली लाट



सुमात्राच्या पश्चिमेला, हिंदी महासागरात, सिमेलू नावाचं बेट आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसं गेली. सिमेलू तर भूकंपाच्या केंद्राला अगदी खेटून. वस्ती पाऊण लाखाच्या वर. तिथं किती गेली? सात.

फक्त सात! हा आकडा वाचला तेव्हापासून हे बेट माझ्या डोक्यातून जात नाही.

त्सुनामीचं जमिनीच्या पोटातलं कारण थोडक्यात सांगतो. समुद्राखालचा भूपट्ट सुमात्राच्या खाली सरकतो, मध्येच अडकतो, ताण साठत जातो आणि एके दिवशी सुटतो. तळ उचलला जातो, वरचं पाणी लोटलं जातं. एवढं पुरे. मला सांगायचंय ते माणसांबद्दल.

शंभरेक वर्षांपूर्वी, 1907 साली, सिमेलूवर अशीच लाट आली होती. आधी जमीन हलली. मग समुद्र मागे हटला आणि उघड्या तळावर मासे तडफडू लागले. लोक मासे वेचायला धावले. तेवढ्यात पाणी परत फिरलं. त्यातून जे वाचले, त्यांनी ही हकीकत घरोघरी सांगायला घेतली. लवंगा तोडताना, संध्याकाळच्या नमाजनंतर, बाळाला निजवताना. ‘नांदोंग’ या तिथल्या गाण्यांतही ती आली. त्या लाटेला ते ‘स्मोंग’ म्हणतात. गोष्टीचा गाभा साधा: जमीन जोरात हलली, समुद्र ओसरला, की डोंगर गाठायचा. मागं वळायचं नाही.

आता लांगी गाव बघा. बेटाच्या उत्तर टोकाला, साधारण आठशे वस्तीचं. 2004 च्या त्या सकाळी लाट यायला जेमतेम आठ-दहा मिनिटं होती. भोंगा नाही, सूचना नाही. हिंदी महासागरात तेव्हा इशारा यंत्रणाच नव्हती! पण ‘स्मोंग, स्मोंग’ अशी हाक उठली आणि अख्खं गाव टेकडीकडे पळालं. दहा मीटरच्या आसपासची लाट आली. घरं एकजात गेली. माणसं सगळी राहिली.

पुन्हा सांगतो, कारण मुद्दा हाच आहे: यंत्राशिवाय, निव्वळ सांगितलेल्या गोष्टीनं गाव वाचलं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण ठेच कशी लागली हे मागच्याला कुणी सांगायला तर हवं!

आपल्याकडे काय? नोव्हेंबर 1945 मध्ये, आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. तिथंही भूपट्टांची सीमा आहे. त्याची लाट मुंबईपर्यंत पोचली, माणसं वाहून गेली. किनाऱ्यावर फिरताना मी वयस्कर मंडळींना याबद्दल आवर्जून विचारतो. आठवण सांगणारं कुणी भेटत नाही. मला याची खंत वाटते.

आज हैदराबादच्या केंद्रातून त्सुनामीचे इशारे निघतात; 2007 पासून ते काम चालू आहे, आणि ते मोलाचं आहे. पण भूकंप जवळचा असेल तर इशारा पोचायच्या आत लाट पोचू शकते. शिवाय प्रत्येक वेळी समुद्र आधी ओसरतोच असंही नाही. तेव्हा किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर हलणं थांबताच उंचावर जा. समुद्र बघायला थांबू नका. धोका टळल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत खाली उतरू नका, कारण लाटा एकामागून एक येतात.

हे आज रात्री जेवताना घरातल्या मुलांना सांगा. पुन्हा पुन्हा सांगा.