वाट पाहणाऱ्यांसाठीं
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या दिवशीं झालेल्या कार्याचा पाढा वाचावा असा प्रघात आहे. तें काम इतर वक्ते उत्तम प्रकारें करतील. आम्हांस मात्र ज्यांचें मागणें अद्याप पुरें झालेलें नाहीं, अशांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. ज्या घरीं पाळणा हललेला नाहीं, ज्या मुलीचें लग्न जुळतां जुळत नाहीं, ज्या तरुणास धर्मगुरु होण्याची ओढ असतांही 'अजून थांब' असें सांगण्यांत आलें, तीं सर्व माणसें आज या मंडपांत बसलेलीं आहेत. आणि इतरांच्या आनंदाच्या दिवशीं वाट पाहणें अधिकच जड जातें, हें आम्ही जाणतों.

अशांनीं वसईच्याच एका पुत्राकडे पाहावें. संत गोन्सालो गार्सिया याचा जन्म सोळाव्या शतकांत वसईस झाला. बाप पोर्तुगीज, आई इकडचीच. कोवळ्या वयांत तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानास गेला, तेथील भाषा शिकला, आणि धर्मशिक्षक म्हणून त्यानें कित्येक वर्षें इमानें सेवा केली. त्या संघांत आपणांस घ्यावें, एवढीच त्याची मागणी होती. ती मान्य झाली नाहीं. तो निघाला, व्यापार करूं लागला, आणि व्यापारांत त्यास बरकतही आली. पुष्कळांची ओढ येथेंच विझते. हातीं पैसा खेळूं लागला म्हणजे पूर्वीची तळमळ पोरकट वाटूं लागते. गोन्सालोची विझली नाहीं. मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यास बंधु म्हणून स्वीकारिलें. पुढें 1593 सालीं फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानास गेले, तेव्हां दुभाष्या कोण? तेथील बोली ज्यास मुखोद्गत होती, तो हाच वसईकर. हिदेयोशीपुढें त्यांचें म्हणणें मांडणारी जीभ त्या 'वायां गेलेल्या' वर्षांतच तयार झाली होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यास क्रूसावर चढविण्यांत आलें.

तो पहिला नकार देवानेंच दिला, असें आम्ही म्हणणार नाहीं. नकार माणसांनीं दिला. ज्यांच्या हातीं दुसऱ्यांचे अर्ज असतात, आणि त्यांत आम्ही धर्मगुरुही आलों, त्यांनीं आपल्या दिरंगाईवर देवाचें नांव घालूं नये. परंतु माणसांनीं लावलेल्या दाराबाहेरही देव आपला सेवक घडवीत होता, एवढें या चरित्रावरून उघड दिसतें.

आणि जपानांतील श्रद्धावंत? 1614 सालीं तेथें धर्मबंदी झाली. पुढें धर्मगुरु उरले नाहींत. तरी बापानें मुलास, मुलानें नातवास प्रार्थना शिकविल्या, बाप्तिस्माही त्यांनीं आपसांत दिला. पिढ्यान्‌पिढ्या अशा गेल्या. त्या 26 हुतात्म्यांस 1862 सालीं संतपद मिळालें. त्यांच्याच नांवें नागासाकीस ओउरा येथें चर्च उभें राहिलें, आणि 17 मार्च 1865 रोजीं उराकामी गांवचीं कांहीं माणसें तेथें आलीं व आपली श्रद्धा तीच असल्याचें त्यांनीं फादर पतीजां यांस हळूच सांगितलें. तरी वाट पाहणें तेव्हांही संपलें नाहीं. त्या गांवच्या तीन हजारांहून अधिक लोकांस हद्दपारी भोगावी लागली; बंदी उठली ती 1873 सालीं.

तुमच्यापैकीं जे वाट पाहत आहेत, त्यांनीं आपलें मागणें चिठीवर लिहून आज सायंकाळपर्यंत आमच्या हातीं द्यावें. खालीं नांव लिहिलेंच पाहिजे असें नाहीं. उद्यांच्या मिस्सेच्या वेळीं त्या चिठ्या आम्ही वेदीवर ठेवूं.