लव्हेंडर कुंडीत, वाळा परसात

लोणी भापकरहून बोलतेय.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एकीने मोबाईलवर जांभळ्या फुलांचं शेत दाखवलं. "ताई, परसात लावूया का?" बचतीतून 12 रोपं मागवली, दीडशेला एक. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचलं आणि 10 रोपांची मुळं कुजली. दीड हजार रुपये गेले. बैठकीत बायकांनी मला विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. ठरावावर पहिली सही माझीच होती.

तो फोटो खोटा नव्हता. जम्मूकडे डोडा जिल्ह्यात, भद्रवाह भागात शेतकरी मक्याऐवजी लव्हेंडर घेतात. पण तो थंड डोंगर, उताराची जमीन. हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. त्याला थंडी चालते, कोरडं चालतं, मुळाशी ओल राहिलेली चालत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला जातो. म्हणून धंद्यासाठी नको, हौसेला एखादी कुंडी ठेवा.

जी दोन रोपं जगली, ती एका मावशींनी मातीच्या कुंडीत लावली होती. खाली भोक, निम्मी माती, निम्मी जाडी वाळू, मूठभर शेणखत. पावसात कुंडी वळचणीच्या आत, उन्हाळ्यात दुपारी सावलीत. वरची माती सुकल्यावरच पाणी, तेही बुडाशी. रोप लावायचं तर दिवाळीनंतर लावा. फुलं उमलायला लागली की दांड्या कापून, जुडी बांधून सावलीत उलटी टांगायची. वाळल्यावर जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत घालून साड्यांच्या ट्रंकेत ठेवायची. बाजारात तेल मिळतं, ते मात्र पोटात घेऊ नका, लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

आणि ट्रंकेत वासच हवा असेल तर आपला वाळा आहे की! आजी वाळ्याची जुडी गोधड्यांत ठेवायची, माठातही टाकायची. त्याला ऊनही चालतं, पाणीही चालतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्याला भोकं पाडून, माती-वाळू भरून ठोंब लावा. दीडेक वर्षाने पोतं फाडलं की मुळं न तुटता हाती येतात, खणायला नको. न्हाणीच्या पाण्यावर वाढवलेली मुळं ट्रंकेत ठेवा, माठात नको.

गटाने आता ठरवलंय, नवीन रोप आधी एकीच्या दारात वर्षभर बघायचं, मगच बचतीला हात लावायचा. सोमवारच्या बैठकीला मी वाळ्याचे ठोंब आणतेय. पोती तुमची तुम्ही आणा.